नांगीची पोथी

पुण्याहून धुळ्याला जाणारी सकाळची एस.टी. सुटली तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, फिरकीचा तांब्या आणि अक्काचं अंतर्देशीय पत्र एवढंच होतं. रेल्वेत जागा मिळाली नव्हती आणि थांबायला सवड नव्हती. नाशिक येईपर्यंत मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि दर वेळी घडी घालून खिशात ठेवलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जळगावात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. यजमान वारले त्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, शाळा हाच संसार. तिने लिहिलं होतं: "चि. वसंतास अनेक आशीर्वाद. होळीच्या सुमारास माझ्या डाव्या छातीत गाठ लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी मे महिन्यात ऑपरेशनची तारीख दिली होती. तेवढ्यात तुझा लेख वाचनात आला आणि मी ती तारीख मोडली. तेव्हापासून दर मंगळवारी यावलकडे मधमाश्यांच्या उपचाराला जाते. बरी होऊनच तुला कळवणार होते. पण मुंबईचे डॉक्टर फार पत्रं पाठवतात. आता त्यांनी येत्या गुरुवारची तारीख दिली आहे. त्यांना तुझ्या शास्त्रीय भाषेत एक खणखणीत उत्तर लिहून पाठव, म्हणजे ते गप्प बसतील."

पत्र शनिवारी आलं. रविवारी मी गाडीत होतो. गुरुवारच्या आत अक्काला मुंबईला नेऊन खाटेवर निजवायचं, एवढं एकच काम डोळ्यांसमोर होतं.

आता त्या लेखाविषयी. मी पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर आहे. मुलांनी परीक्षानळी फोडली की ओरडायचं आणि प्राध्यापकांनी फोडली की झाडू मागवायचा, हे माझं काम. उरलेल्या वेळात मी ग्रंथालयातली परदेशी मासिकं चाळतो. अशाच एका मासिकात मधमाशीच्या विषावरचा मजकूर दिसला. त्या विषात मेलिटिन नावाचं एक द्रव्य असतं आणि ते पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. काचेच्या बशीत ठेवलेल्या कर्करोगाच्या काही पेशी त्याने मेल्या होत्या. मला तेवढं पुष्कळ झालं. 'नांगीतलं अमृत' या नावाचा लेख मी एका बैठकीत लिहून काढला आणि एका लोकप्रिय मासिकाने तो छापला. शेवटचं वाक्य मला आजही पाठ आहे: "तो दिवस दूर नाही, जेव्हा शल्यविशारदाची सुरी गंजून पडेल आणि रोगी मोहोळाखाली हसत बसेल!" मोहोळाखाली हसत बसलेला माणूस मी जन्मात पाहिलेला नाही. पण वाक्य झोकदार होतं. संपादकांनी माझ्या नावाखाली 'नामवंत शास्त्रज्ञ' असं आपणहून घातलं. मी ते दुरुस्त केलं नाही. उगाच संपादकांचं मन कशाला मोडा?

एक मात्र मला पक्कं आठवत होतं. शेवटच्या वाक्याआधी मी स्वच्छ बजावलं होतं, की हे सगळं बशीतलं आहे, माणसावर कोणी करून पाहू नये, गाठ दिसताच डॉक्टर गाठावा. ही चार वाक्यं अक्काने वाचली कशी नाहीत, याचं मला नवल वाटत होतं आणि थोडा रागही येत होता. पडताळायला अंक हाताशी नव्हता. तो मी शेजाऱ्यांना वाचायला दिला होता. त्यांनी मागितला नव्हता, ही गोष्ट निराळी.

धुळ्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. स्थानकाजवळच्या खाणावळीत शेवभाजी खाल्ली. ताटलीत लाल तेलाचं तळं आणि त्यात शेव बुडालेली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, तर वाढणारा म्हणाला, "साहेब, ही फिकी शे. पाव्हणासनी." (ही सौम्य आहे, पाहुण्यांसाठीची.) मी तांब्यातलं पाणी संपवलं आणि जवळच्याच लॉजमध्ये पडलो.

सोमवारी सकाळी जळगावची गाडी धरली. शेजारी पांढरंशुभ्र धोतर नेसलेले एक शेठजी बसले. नाव सुगनचंदशेठ, धुळ्यात कापडाचं दुकान, पूर्वज राजस्थानातून आलेले. गळ्याभोवती त्यांनी मफलर गुंडाळलं होतं. नोव्हेंबर असला तरी खानदेशात दुपारी मफलर गुंडाळण्याइतकी थंडी नसते. पारोळा मागे पडल्यावर त्यांनी ते सोडलं तेव्हा जबड्याखाली लिंबाएवढी गाठ दिसली.

"दोन महिने झाले," शेठजी म्हणाले. "आज जळगावात व्याह्यांकडे उतरणार, उद्या यावल. तिथे भिकानाना म्हणून आहेत, मधमाशी चाववतात. गाठ पाण्यासारखी विरघळते म्हणे."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"डॉक्टर म्हणतो मुंबईला जा, तुकडा काढून तपासू. तपासायचं काय त्यात? गाठ आहे हे मला दिसतंय की." त्यांनी आवाज उतरवला. "आणि हे काही गावठी नाही बरं. पुण्याच्या एका मोठ्या सायंटिस्टनं छापून लिहिलंय. तुम्ही पुण्याचे ना? ओळखता का त्यांना?"

मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण 'मोठ्या' हा शब्द कानांना फार गोड लागला.

"तोंडओळख आहे," मी म्हणालो.

"माणूस कसा आहे?"

"साधा आहे."

शेठजींनी हात जोडले. मी खिडकीबाहेर कापसाच्या शेतांकडे बघत राहिलो. सांगायला लाज वाटते, पण एरंडोल येईपर्यंत मी खुशीत होतो.

जळगावला उतरून टांग्याने अक्काच्या घरी गेलो. ती शाळेतून नुकतीच आली होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला. ती वाळली होती, पण डोळे तेच होते, फळ्यावरची चूक शेवटच्या बाकावरून पकडणारे. जेवायला तिने खास भरीत केलं. खानदेशात भरिताची वांगी हिरवी, हातभर लांब असतात. ती काट्याकुट्यांवर भाजून लाकडी उखळीत ठेचतात, आणि सोबत कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली) भाकरी. अक्का ठेचत होती ती उजव्या हाताने. डावा हात तिने पदराखाली ठेवला होता. भाकरी वाढताना तो बाहेर आला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत सुजलेला, लाल चट्ट्यांनी भरलेला मला दिसला.

"हे काय?"

"काही नाही रे. नाना छातीजवळ माशी लावत नाहीत. बाईमाणूस म्हणून लाजतात. म्हणून हातावर. विष रक्तातून जातंच की. तूच लिहिलंयस."

घास माझ्या हातातच राहिला. मी म्हणालो, "अक्का, परवा मुंबईला जायचं. ऑपरेशन करून घ्यायचं."

"आणि लेख?"

"लेखात मी स्पष्ट लिहिलंय की हे माणसावर करू नये. तू नीट वाचलं नाहीस."

हे बोलायला नको होतं. अक्का ताठ बसली. "वसंता, तुला अ काढायला मी शिकवलं. मांडीवर घेऊन, पाटीवर. तू लिहिलेलं मला वाचता येत नाही म्हणतोस? मी तो लेख दर मंगळवारी मोठ्याने वाचते. त्यात तसलं काही नाही."

"कात्रण दाखव."

"ते नानांकडे आहे. मीच फ्रेम करून दिलंय. उद्या चल आणि डोळ्यांनी बघ."

मंगळवारी सकाळी निघालो. निघण्यापूर्वी मी केसांना सुवासिक तेल चापडलं. लेखक म्हणून ओळख होण्याचा संभव होता. भिकाऱ्यासारखं दिसून चालणार नव्हतं.

यावलची गाडी तापीच्या पुलावरून गेली आणि मुलूख पालटला. पलीकडे केळीच केळी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठाली हिरवी पानं, मध्ये पाटाचं पाणी, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रांग. यावलहून एक बैलगाडी मिळाली. गाडीवानाने आम्हाला एक पिकला घड दिला आणि अक्काला म्हणाला, "बाई, आज पोथी लवकर व्हई ना?" (आज पोथी लवकर होईल ना?)

"कसली पोथी?" मी विचारलं.

"बघशीलच," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं.

बागा संपून डोंगराचा पायथा लागतो तिथे एक झोपडी, एक मोठा निंब आणि निंबाखाली दहाबारा लाकडी मधपेट्या. मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्यांचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवलेले. समोर सतरंजी, आणि तिच्यावर वीसपंचवीस माणसं. कोणाच्या मानेला फडकं, कोणाचा गाल बांधलेला, दोघं तिघं नुसतीच पिवळी पडलेली. सुगनचंदशेठ पहिल्या रांगेत होते. निंबाच्या बुंध्यावर खिळा ठोकून एक फ्रेम टांगली होती. तिला झेंडूचा हार, खाली नारळ आणि उदबत्ती. फ्रेमच्या आत देव नव्हता. 'नांगीतलं अमृत' होतं.

भिकानाना सत्तरीचा काटक म्हातारा. मूळचा शिरपूरकडचा, केळीच्या मळ्यांत पेट्या सांभाळायला म्हणून इकडे आलेला. कानावर बिडी आणि हातात माशी उचलायला पायातला काटा काढायचा चिमटा. तो मला हुंगून म्हणाला, "भाऊ, वासनं तेल लाव का? माश्यासले नही आवडस." (वासाचं तेल लावलंत का? माश्यांना आवडत नाही.) मी हसून सोडून दिलं.

तेवढ्यात अक्काने सगळ्यांना सांगून टाकलं की हा माझा धाकटा भाऊ, लेख लिहिणारा. सतरंजीवर एकच खळबळ उडाली. म्हाताऱ्या बायका माझ्या पाया पडू लागल्या. सुगनचंदशेठ माझ्याकडे बघून हसले. "तोंडओळख आहे म्हणालात," ते म्हणाले, "केवढा हा विनय!"

मग पोथी सुरू झाली. अक्का निंबाशेजारी उभी राहिली, चष्मा सारखा केला आणि फ्रेममधला लेख पहिल्यापासून वाचू लागली, इन्स्पेक्टर वर्गात आल्यावर बाई वाचतात तशी, स्पष्ट आणि संथ. परिच्छेद संपला की मंडळी हात जोडत आणि कोणीतरी घंटा वाजवी. 'मेलिटिन' हा शब्द आला की बायका कपाळाला हात लावत. मी आयुष्यात प्रथमच माझं लिखाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. काय डौलदार लिहिलं होतं! मी इशाऱ्याच्या चार वाक्यांची वाट बघत होतो. ती आली की उभं राहून सांगायचं, ऐकलंत ना, असं मनात ठरवलेलं.

ती आली नाहीत. अक्का थेट सुरी गंजण्यावर आणि मोहोळाखाली हसण्यावर पोचली. सगळ्यांनी डोळे मिटले. सत्यनारायणाच्या शेवटच्या अध्यायाला मिटतात तसे.

"थांबा!" मी ओरडलो. "फ्रेम करणाऱ्याने कागद दुमडलाय! खालचा मजकूर मागे गेलाय!"

आणि मी तडक निंबाकडे गेलो, हाराला धरून फ्रेम खेचली. खिळ्यासकट ती हातात आली, मी मागे कलंडलो आणि माझा कोपर बुंध्याजवळच्या पेटीच्या झाकणावर बसला. पुढचं फार झटपट झालं. नाना ओरडत होता, "हालू नका, भाऊ!" मी अर्थातच हललो. सुवासिक तेलाच्या रोखाने निघालेल्या माश्यांपैकी एक कानावर बसली, एक भुवईवर आणि एक नेमकी वरच्या ओठावर.

नानाने नखाने खरवडून तिन्ही नांग्या काढल्या, पेटी बंद केली, धूर केला. मंडळी जागची हलली नाहीत. खुद्द शास्त्रज्ञाने आपल्यावर उपचार करून घेतला म्हणून ती उलट प्रसन्न दिसत होती.

मी सतरंजीच्या कडेला बसून फ्रेमचा मागचा पुठ्ठा सोडवला. कागद खरंच दुमडलेला होता. दुमडलेल्या भागावर केशवर्धक तेलाची जाहिरात होती. लांब केसांची एक बाई हसत होती. बाकी काही नाही.

ती बाई दिसली आणि मला सगळं आठवलं. अंक छापायला जायच्या आधी संपादकांचं कार्ड आलं होतं: तेलाच्या जाहिरातीला जागा हवी, चार ओळी कमी करा, कोणत्या ते तुम्हीच ठरवा. इशारा तरी काढायचा किंवा सुरी तरी. मी ते कार्ड हातात घेऊन चांगला अर्धा तास बसलो होतो. इशारा माझ्या हाताने खोडला. फ्रेमवाल्याने नव्हे, संपादकांनी नव्हे, अक्काच्या वाचनाने नव्हे.

नाना ओठाला चुना लावत हळूच म्हणाला, "भाऊ, मी गुडघासना इलाज करस. मना बापबी करे. गाठना नही." (मी गुडघ्यांवर इलाज करतो. माझा बापही करायचा. गाठीवर नाही.) "अक्का हाऊ कागद लई उनी, मंग मानसे गाठी लिसन येवाले लागनात. मी नही म्हनस, तर त्या म्हनतस, छापेल शे. माले वाचता येस नही. मी काय बोलू?" (अक्कांनी हा कागद आणला, मग माणसं गाठी घेऊन यायला लागली. मी नाही म्हणतो, तर ती म्हणतात, छापलेलं आहे. मला वाचता येत नाही.)

मी पुण्याहून निघालो तो एका भोंदूचा बुरखा फाडायला. भोंदू सापडला होता, फक्त त्याच्या अंगावर माझा सदरा होता.

"तुम्ही लिखं ना?" नाना म्हणाला. "मंग तुम्हीच सांगा."

मी उठलो. तोंड उघडलं. ओठ एव्हाना पिकल्या केळ्याएवढा झाला होता. "मंडळी" म्हणायला गेलो तर नुसता गुबगुब आवाज निघाला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. पुन्हा प्रयत्न केला, तोच प्रकार. शेवटी खिशातून अक्काचं पत्र काढलं आणि त्याच्या कोऱ्या भागावर, गुडघ्यावर ठेवून, पेन्सिलीने लिहिलं. आणि अक्काच्या हातात दिलं. दुसरं कोण वाचणार होतं?

अक्का निंबाशेजारी पुन्हा उभी राहिली. त्याच आवाजात तिने सुरुवात केली.

"'या लेखाचा लेखक शास्त्रज्ञ नाही. तो कॉलेजात परीक्षानळ्या धुतो. मधमाशीच्या विषाने काचेच्या बशीतल्या थोड्या पेशी मेल्या, एवढंच खरं आहे. त्याने माणसाची गाठ बरी झाल्याचं लेखकाने कोठेही वाचलेलं नाही. पाहिलेलंही नाही. कोणी माशी लावून घेऊ नये. डॉक्टरकडे जावं. लेखात हा इशारा होता. तो लेखकाने स्वतःच्या...'"

इथे ती थांबली. वर्गात वाचताना अक्का कधी थांबत नाही. तिने चष्मा वर सरकवला, कागद जवळ धरला आणि वाक्य पहिल्यापासून घेतलं.

"'...तो लेखकाने स्वतःच्या हाताने खोडला. जागा कमी पडली म्हणून.'"

घंटा वाजली नाही. मग सुगनचंदशेठ उठले, अक्काच्या हातातला कागद त्यांनी बोटांत धरून उलटसुलट पाहिला.

"साहेब," ते मला समजावत म्हणाले, "हे हाताने लिहिलेलं आहे. ते छापलेलं आहे."

"हा ना," गाल बांधलेली एक बाई म्हणाली. "छापेल कागद खोटा कसा व्हई?"

बठ्ठ्यांनी (सगळ्यांनी) माना डोलावल्या. विष बाधल्यामुळे साहेबांना भ्रम झाला, असं कोणीतरी सुचवलं आणि ते सर्वांना पटलं. नानाने मात्र चिमटा कमरेला खोचला. "गुडघावाला थांबा," तो म्हणाला. "गाठवाला घर जा. लिखनारानी सांगं, आते मी ऐकस." (लिहिणाऱ्यानेच सांगितलं, आता मी ऐकतो.) त्याने फ्रेम झोपडीत नेऊन ठेवली. माणसं कुरकुरत उठली, पण गेली नाहीत. निंबाखाली उभी राहून, हवा तो उपचार कोठे मिळेल याची चौकशी एकमेकांत करू लागली.

अक्का सतरंजीवर माझ्यासमोर बसली.

"जागा कमी पडली म्हणजे?" तिने विचारलं. "दुसरं काही खोडता आलं नसतं?"

मी मान हलवली. आलं असतं.

"मग हेच का?"

बोलता येत नव्हतं याचं त्या क्षणी बरं वाटलं. पण अक्काने पेन्सिल माझ्यापुढे धरली, पहिलीतल्या मुलापुढे धरतात तशी. मी लिहिलं: शेवट छान जमला होता म्हणून.

तिने ते मनातल्या मनात वाचलं. मग कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली. "चल," ती म्हणाली. "बैलगाडी जाईल."

यावल येईपर्यंत ती बैलांच्या पाठीकडे बघत बसली. गाडीवानाने दिलेल्या घडातली केळी मांडीवर तशीच होती. मला वाटत होतं तिने ओरडावं, कान धरावा. कान आधीच सुजला होता, पण तो धरला तरी चाललं असतं. तापीच्या पुलावर आल्यावर ती म्हणाली, "मधमाश्यांचं मला काय कळतं रे? माझा विश्वास माश्यांवर नव्हता."

मी तिच्याकडे पाहिलं. ती नदीकडे बघत होती. मला रडू आलं आणि सुजलेल्या ओठाने रडणं किती विद्रूप दिसतं हे समोरच्या बाकावरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळलं.

"उद्या रात्रीची गाडी आहे मुंबईची," थोड्या वेळाने ती म्हणाली. "शाळेत रजेचा अर्ज द्यायला हवा. तो मीच लिहीन."

मुंबईहून पुण्याला परतल्यावर मी संपादकांना सविस्तर दुरुस्ती पाठवली. महिन्याभराने ती छापून आली, शेवटच्या पानावर, तीन ओळींत, त्याच तेलाच्या जाहिरातीखाली. ते कात्रण मी नानाला धाडलं. त्याचं दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलेलं कार्ड आलं. त्याने ते त्याच फ्रेममध्ये लावलं होतं. "कागद ल्हान शे, फ्रेम मोठी शे," त्याने कळवलं होतं. "लोक पुसतस, बाकीनं कोठे गयं?" (लोक विचारतात, बाकीचं कुठे गेलं?) खाली एक ओळ आणखी होती: छापून आलं म्हणून सुगनचंदशेठ मुंबईला गेले. छापून आलं म्हणून! ज्या छापील अक्षराने मी त्यांना यावलला नेलं, त्यानेच परत फिरवलं.

लोक मला विचारतात, मग त्या विषात काही नाहीच का? असं मी म्हणणार नाही. मेलिटिन खोटं नाही, बशीतल्या पेशीही खऱ्या मेल्या. उद्या कोणी चिवट माणूस त्यातून औषध काढीलही. पण बशीपासून माणसापर्यंतचा रस्ता मोठा आहे आणि त्या रस्त्यावरची एस.टी. अजून सुटलेली नाही. मी मात्र तिची तिकिटं वाटून मोकळा झालो होतो.

राहिलं अक्काचं. त्या ठरल्या गुरुवारी ती मुंबईच्या इस्पितळात वेळेवर दाखल झाली. ऑपरेशन शुक्रवारी झालं. चौथ्या दिवशी सर्जन फेरीला आले. वयस्क, दमलेले, बोलायला मृदू. त्यांच्या हातांकडे मी बघत राहिलो. ते हात मी लेखात गंजवून टाकले होते.

"गाठ काढली," ते अक्काला म्हणाले. "पण बाई, काखेतही गेलं होतं. तिथलंही बरंच काढावं लागलं. आता नेमाने तपासायला यायचं, काय होतं ते बघू. मे महिन्यात आला असतात तर काखेपर्यंत जावं लागलं नसतं. शिकलेल्या तुम्ही, मुख्याध्यापिका. इतके महिने का थांबलात?"

मी मान खाली घातली. आता ती सांगणार. तिने सांगावं, असंच मला वाटत होतं.

अक्काने उशीवर मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"घरात जरा अडचण होती," ती म्हणाली.

डॉक्टरांनी समजून मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडे वळले. अडचण उशाशी बसून मोसंबं सोलत होती.